तिळ्या भावांची ओळखपरेड

बालमित्रांनो, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची कला तुम्हाला येते का? मला येते. पण एकदा ती माझ्यावरच उलटली. मी तेव्हा सातवीत होतो. मामाच्या गावाहून, म्हणजे चाकूरहून, नांदेडला जायचं होतं. गाडी लागली, मी खिडकीतून रुमाल टाकला आणि ऐटीत उसाचा रस प्यायला गेलो. परत आलो तर त्याच फलाटावर तशीच लाल गाडी, तसाच धुळीचा थर. आत शिरलो, तर माझ्या जागेवर एक दांडगे फेटेवाले मामा बसलेले.

"मामा, इथं माझा रुमाल होता."

"कोन्ता रुमाल रं? ही गाडी लातूरची हाय. नांदेडची कवाच गेली!"

माझा रुमाल अहमदपूरच्या रस्त्याला लागला होता आणि मी रसाचा ग्लास पोटात घेऊन फलाटावर उभा! मी फलाट लक्षात ठेवला होता, गाडीचा नंबर नाही. आज सांगायची आहे ती गोष्ट पेनड्राइव्हची. पण ही रुमालाची फजिती डोक्यात असू द्या, पुढे उपयोगी पडेल.

मागच्या पोळ्याला मी चाकूरला गेलो होतो. माझ्या मामेभावाचं, दादाचं, तिथे छोटं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन अर्ज, सगळं एकाच टेबलावर. मी पोचलो तेव्हा दुकानात भांडण रंगलं होतं. एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला एका शाळेचे सर आणि मध्ये मान खाली घालून उभा असलेला नववीतला मुलगा. त्याचं नाव छापायचं नाही असं त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलंय, म्हणून आपण त्याला नववीवाला म्हणू.

प्रकरण असं होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, हे लातूर जिल्ह्यातल्या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक गाढ झोपले होते. ती रात्र ज्यांनी पाहिली त्या आजी-आजोबांकडून ती ऐकायची आणि मोबाइलवर रेकॉर्ड करायची, असा या सरांच्या वर्गाचा प्रकल्प होता. तेरा रेकॉर्डिंग जमली होती. मोबाइलमधली जागा भरली म्हणून मूळ फायली पुसून सगळ्या एका पेनड्राइव्हवर ठेवल्या होत्या. (इथेच मी कपाळावर हात मारला. एकाच जागी ठेवलेली वस्तू म्हणजे टोपलीविना नेलेली अंडी! असो.) त्याच पेनड्राइव्हवर प्रकल्पाचा अहवालही होता. तो छापून आणायला नववीवाला दादाच्या दुकानात पेनड्राइव्ह देऊन गेला आणि संध्याकाळी कागद आणि पेनड्राइव्ह घेऊन घरी आला.

दुसऱ्या दिवशी सरांनी पेनड्राइव्ह उघडला. आत एकही आवाज नाही. फक्त एक फोल्डर, नाव 'हिशेब'.

दादा म्हणत होता, "सर, हे बघा, हा माझा हिशेब. म्हणजे हा पेनड्राइव्ह माझा. माझ्याकडं असे दोन आहेत. एक हा ड्रॉवरमध्ये, दुसरा तुमच्या हातात. अदलाबदल झाली असणार. तुमचा मी पोराच्या हातात दिलाय, त्यानंच कुठंतरी पाडला."

नववीवाला रडवेला. "म्या कुठंबी पाडला न्हाई. दुकानातून निघालो ते सरळ घरी गेलो."

मुलांनो, गंमत बघा. तिन्ही पेनड्राइव्ह एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, ३२ जीबीचे आणि काळेकुट्ट. जुळे नाही, तिळे भाऊ! सरांच्या हातातला पेनड्राइव्ह दादाचा असेल, तर सरांचा कुठेतरी पडलाय आणि तो शोधायला चाकूरच्या गल्ल्या पालथ्या घालायला हव्यात. पण तो सरांचाच असेल आणि दुकानात पुसला गेला असेल, तर गल्ल्या शोधण्यात एक मिनिटही घालवायचं नाही. उलट, त्या पेनड्राइव्हवर आणखी काही लिहिलं जाण्याआधी तो बाजूला काढायचा, कारण आवाज अजून आत दडलेले असू शकतात.

आता दादाची एक भानगड सांगायला हवी. रोज संध्याकाळी तो पेनड्राइव्ह लावून पडद्यावरच्या 'हिशेब' या चित्रावर क्लिक करायचा. त्यामागे कुणीतरी बनवून दिलेला चार ओळींचा प्रोग्रॅम होता. तो 'ई' नावाच्या ड्राइव्हचं क्विक फॉरमॅट करायचा, म्हणजे पाटी कोरी करायचा, आणि मग दिवसाचा हिशेब तिथे लिहायचा. प्रोग्रॅम कधीच विचारत नव्हता की बाबा रे, तू कोण? 'ई' वर जो बसलाय, तो दादाचा, एवढंच त्याला ठाऊक.

काही आठवलं? फलाट! 'ई' हा पेनड्राइव्हचा नंबर नाही, तो फलाटाचा नंबर आहे. फार पूर्वी 'ए' आणि 'बी' ही अक्षरं फ्लॉपीसाठी असत, 'सी' संगणकाच्या आतल्या डिस्कसाठी. त्यापुढची जी मोकळी असतील ती पाहुण्यांना मिळतात. आज तुमचा पेनड्राइव्ह 'ई' वर लागेल, उद्या 'एफ' वर. आणि तुमचा काढल्यावर दुसऱ्याचा 'ई' वर लागेल.

"मग गाडीची पाटी बघा की," तुम्ही म्हणाल. बरोबर. पेनड्राइव्हलाही पाटी असते. तुम्ही त्याला नाव देता ना, 'माझी गाणी', 'सहल' वगैरे? ती पाटी. पण लातूर–नांदेड ही पाटी काढून लातूर–उदगीर लावायला चालकाला किती वेळ लागतो? शिवाय या तिन्ही भावांना कुणी नावच दिलेलं नव्हतं.

पाटीच्या खाली एक छोटा आकडाही असतो. डिस्क फॉरमॅट करताना संगणक त्या क्षणाची तारीख आणि वेळ घेऊन त्यावरून आठ चिन्हांचा एक क्रमांक तयार करतो आणि डिस्कवर लिहून ठेवतो. त्याला व्हॉल्यूम सिरियल नंबर म्हणतात. चिन्हं सोळा प्रकारची, ० ते ९ आणि ए ते एफ. त्यामुळे एकूण ४,२९,४९,६७,२९६ वेगवेगळे क्रमांक होऊ शकतात. म्हणजे चारशे एकोणतीस कोटींच्या वर! वाटतं की आता काम झालं. पण दादाचा प्रोग्रॅम रोज फॉरमॅट करायचा, म्हणजे रोज नवा क्रमांक. गाडीच्या पाटीवर खडूने लिहिलेला आकडा रोज पुसून नवा लिहावा, तसं. शिवाय एका डिस्कची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर केली, तर हा आकडाही जसाच्या तसा तिकडे जातो.

तेव्हा फलाट बाद, पाटी बाद. उरली नंबरप्लेट.

एसटीच्या नंबरप्लेटी कधी निरखून पाहिल्यात? बऱ्याच लाल गाड्यांवर एमएच १४, एमएच २० किंवा एमएच ४० दिसेल. महामंडळाच्या गाड्या बांधण्याचे कारखाने पुण्याजवळ दापोडीला, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्यात आणि नागपूरजवळ हिंगण्याला. तिथली नोंदणी, म्हणून ते आकडे. पुढची अक्षरं आणि अंक मात्र प्रत्येक गाडीचे तिचे एकटीचे. फलाट बदला, पाटी बदला, चालक बदला, नंबर तोच!

पेनड्राइव्हची नंबरप्लेट बाहेर दिसत नाही. ती त्याच्या पोटातल्या चिपमध्ये असते आणि ती वाचतो ड्रायव्हर. नाही नाही, एसटीचा नव्हे! संगणकातही ड्रायव्हर असतात. एखादं उपकरण कसं हाताळायचं हे संगणकाच्या कार्यप्रणालीला, म्हणजे विंडोज किंवा लिनक्सला, शिकवणारे ते छोटे प्रोग्रॅम. ज्या खाचेत आपण पेनड्राइव्ह खुपसतो ती यूएसबी पद्धत १९९६ साली आली. ती घडवणाऱ्या इंटेल कंपनीच्या चमूत एक मोठं नाव अजय भट्ट यांचं. ते शिकले बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. पेनड्राइव्ह मात्र बाजारात आले २००० साली.

तर पेनड्राइव्ह खुपसला की पहिल्या काही क्षणांत काय होतं? खाचेतल्या तारेवरचा विजेचा दाब बदलतो आणि संगणकाला कळतं, पाहुणा आला. नवा पाहुणा सुरुवातीला शून्य नंबरच्या पत्त्यावर उभा असतो. संगणक त्याला १ ते १२७ मधला एक तात्पुरता पत्ता देतो आणि म्हणतो, "ओळखपत्र दाखव." पाहुणा अठरा बाइटचं एक चिमुकलं ओळखपत्र पुढे करतो. अठरा बाइट म्हणजे अवघी अठरा इंग्रजी अक्षरं मावतील एवढी जागा! तेवढ्यात दोन बाइट बनवणाऱ्या कंपनीच्या क्रमांकाला (सँडिस्कचा ०७८१, किंगस्टनचा ०९५१) आणि दोन बाइट मॉडेलच्या क्रमांकाला. आपल्या तिळ्या भावांचे हे दोन्ही क्रमांक सारखेच असणार, कारण त्यांतून फक्त 'महामंडळाची लाल गाडी' एवढंच कळतं. खरी मेख सतराव्या बाइटमध्ये आहे. तिथे शून्य असेल तर पाहुणा म्हणतो, "मला स्वतःचा नंबर नाही." शून्य नसेल तर, "माझा नंबर माझ्या अमुक क्रमांकाच्या ओळीत लिहिलाय, विचारा." ड्रायव्हर विचारतो, आणि उत्तर येतं तो सिरियल नंबर.

या पद्धतीने चालणाऱ्या पेनड्राइव्हसाठी नियमच आहे की हा नंबर निदान बारा चिन्हांचा असावा आणि त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या कोणत्याही पेनड्राइव्हची शेवटची बारा चिन्हं तीच नसावीत. पोळ्याला तुम्ही बैल सजवता तेव्हा त्यांच्या कानातला पिवळा बिल्ला पाहिलाय? त्यावरही बारा अंक असतात. आपल्याकडचे जाणते लोक देवणी जनावर रंगावरून सांगतात. तोंडावर काळा असेल तर वानेरा, अंगभर काळे ठिपके असतील तर शेवरा. पण दोन शेवऱ्यांत तुमचा कोणता आणि शेजारच्यांचा कोणता हा वाद निघाला, तर तो बिल्लाच मिटवतो. ज्या कागदात पेनड्राइव्हचा हा नियम छापलाय त्यावरची तारीख मात्र वाचण्यासारखी आहे: ३१ सप्टेंबर १९९९! सप्टेंबरला दिवस तीसच असतात हे जगभरच्या हुशार इंजिनिअरांच्या नजरेतून सुटलं. तुमच्या गणिताच्या वहीत असं झालं असतं तर?

नियम असला तरी सगळेच कुठे पाळतात? काही स्वस्त, बिननावाच्या पेनड्राइव्हमध्ये नंबरच नसतो. मग विंडोज नाइलाजाने फलाटाकडे वळतं आणि कोणत्या खाचेत लावलाय त्यावरून एक कामचलाऊ ओळख तयार करतं. म्हणूनच कधी कधी तोच जुना पेनड्राइव्ह दुसऱ्या खाचेत लावला की संगणक त्याचं नव्याने स्वागत करतो. याहून वाईट म्हणजे काही कारखाने शेकडो पेनड्राइव्हवर एकच नंबर छापतात. वर्गातल्या सगळ्यांनी हजेरीला एकच नाव सांगितलं तर बाईंचं काय होईल? तेच ड्रायव्हरचं होतं.

चला, दुकानात परत. मी सरांना विचारलं, "तुमचा पेनड्राइव्ह शाळेच्या संगणकावर लावला होता ना?"

"तिथंच तर सगळी रेकॉर्डिंग भरली!"

"आणि दादाचे पेनड्राइव्ह शाळेत कधी आले होते?"

"छे, माझे कशाला जातील शाळेत?" दादा म्हणाला.

वा! मग साक्षीदार सापडला. विंडोजची एक खोड आहे. आलेल्या पाहुण्याचा नंबर ते वहीत लिहून ठेवतं आणि पाहुणा गेल्यावरही नोंद खोडत नाही. आम्ही सगळे शाळेत गेलो. दादालाही नेलं, ड्रॉवरमधल्या पेनड्राइव्हसकट. संगणकावर डिव्हाइस मॅनेजर उघडलं. वरच्या 'व्ह्यू' मध्ये 'शो हिडन डिव्हायसेस' वर खूण केली आणि 'डिस्क ड्राइव्ह्ज' ची यादी पसरली. पूर्वी येऊन गेलेले पाहुणे त्यात फिकट दिसतात. त्या मॉडेलचा एकच फिकट पाहुणा होता. त्याच्या 'डिटेल्स' मध्ये 'डिव्हाइस इन्स्टन्स पाथ' म्हणून एक लांबलचक ओळ असते. तिच्या शेवटच्या तुकड्यात सिरियल नंबर. नववीवाल्याने तो फळ्यावर उतरवून घेतला.

मी म्हटलं, "आता बघा. भांडणातला पेनड्राइव्ह लावायचा. तो सरांचा असेल तर हीच फिकट ओळ ठळक होईल. दादाचा असेल तर खाली नवी ओळ येईल."

आधी ड्रॉवरमधला लावला. टिंग! यादीत नवी ओळ आली. म्हणजे हा या संगणकाला अनोळखी, दादाचाच. तो काढला. मग भांडणातला हातात घेतला. खोलीत इतकी शांतता की पंख्याचा आवाज ऐकू येत होता. लावला. नवी ओळ आली नाही. फिकट ओळ ठळक झाली. फळ्यावरचा नंबर आणि पडद्यावरचा नंबर नववीवाल्याने एकेक चिन्ह बोट ठेवून मोठ्याने वाचला. सगळी चिन्हं जुळली.

पेनड्राइव्ह सरांचा होता. पोराने काहीही पाडलं नव्हतं. गर्दीच्या वेळी दादाने छापून झाल्यावर तो काढलाच नाही, संध्याकाळी सवयीने 'हिशेब' वर क्लिक केलं आणि 'ई' च्या फलाटावर बसलेला गरीब बिचारा पुसला गेला. दादा थोडा वेळ गप्प बसला. मग नववीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चुकलं लेका माझं. तुझ्यावर उगंच आळ घेतला." सरही काहीतरी पुटपुटले. मोठ्या माणसांना एवढं म्हणणं सोपं नसतं, बरं का!

मी लगेच पेनड्राइव्ह काढला आणि बजावलं की आता यावर एक अक्षरही लिहायचं नाही. क्विक फॉरमॅटमध्ये संगणक पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाडतो, पानं तशीच असतात. पण कोऱ्या समजून त्या पानांवर दुसरं काही लिहिलं, की ती गेली. (साधं, वेळखाऊ फॉरमॅट केलं असतं तर आताच्या विंडोजने पानंही खोडली असती.) फोटोरेक नावाचा एक फुकट प्रोग्रॅम अशी पानं हुडकतो. सापडलेल्या फायली त्याने दुसऱ्या डिस्कवर उतरवल्या. रात्री साडेदहापर्यंत आम्ही एकेक उघडून ऐकत होतो. फायलींची नावं गेलेली, नुसते आकडे उरलेले. त्यामुळे आवाज ओळखायचं काम नववीवाल्याकडे. "ही घरणीची आजी... हे आमच्या गल्लीतले तात्या..."

तेरापैकी अकरा मिळाल्या. दादाचा हिशेब सुरुवातीच्या पानांवर लिहिला गेला होता, त्यामुळे पेनड्राइव्हवर अगदी पहिल्यांदा भरलेल्या दोन फायली गेल्या त्या गेल्याच.

दादाचा दुसरा पेनड्राइव्ह कुठे होता म्हणता? दोन दिवसांनी वहिनींना धुण्याच्या बादलीत सापडला, शर्टाच्या खिशात. वाळवल्यावर चालू झाला, हेही नवलच! आता दादाचा प्रोग्रॅम आधी सिरियल नंबर तपासतो आणि दोन ठरलेल्या नंबरांखेरीज कुणालाही हात लावत नाही. शिवाय वहिनींनी दोन्हींवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. मला तोही उपाय पसंत आहे.

तुमच्याकडे पेनड्राइव्ह असेल तर घरच्या किंवा शाळेच्या संगणकावर, मोठ्यांना विचारून, त्याचा नंबर पाहा आणि वहीत लिहून ठेवा. एक खूण सांगतो. त्या लांब ओळीच्या शेवटच्या तुकड्यातलं दुसरंच चिन्ह इंग्रजी 'अँड' चं, म्हणजे '&' असेल, तर समजा की पेनड्राइव्हला स्वतःचा नंबर नाही, विंडोजने कामचलाऊ दिलाय. लिनक्स असेल तर 'बाय-आयडी' नावाच्या फोल्डरमध्ये कंपनी, मॉडेल आणि नंबर अशी पूर्ण नावं दिसतील. एक मात्र ध्यानात ठेवा, खास साधनं वापरून हा नंबर बदलताही येतो. गाडीची नंबरप्लेट बदलणारे असतात, तसे हेही असतात.

गेलेल्या दोन रेकॉर्डिंगांपैकी एक नववीवाल्याच्या स्वतःच्या आजीचं होतं. प्रकल्पाची सुरुवात त्याने घरापासून केली होती ना! दुसऱ्या दिवशी तो परत मोबाइल घेऊन तिच्यापुढे बसला. आजी म्हणाली, "परत सांगू? बरं, बस." या वेळी तिने पहाटेच्या हादऱ्यापासून सुरुवात केली नाही, आदल्या संध्याकाळच्या विसर्जनापासून केली. रेकॉर्डिंग सव्वीस मिनिटांचं झालं. त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवल्यात, हे त्याने मला मुद्दाम फोन करून सांगितलं. दुसरं रेकॉर्डिंग ज्या आजोबांचं होतं ते आता मुलाकडे पुण्याला असतात. त्यांना सरांनी पत्र टाकलंय.